सत्तर ग्रेन म्हणजे नेमके किती?

काका, नमस्कार.

मी मूळचा कुडाळकडचा. गेली आठ वर्षं पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरजवळ राहतो. आमचे शेजारी घर विकून फ्लोरिडाला गेले आणि जाताना त्यांची .५० कॅलिबरची फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी) बंदूक मला देऊन गेले. सोबत एक पितळी माप, बंदुकीच्या दारूचा तांब्याचा फ्लास्क, पायरोडेक्स आरएस नावाच्या दारूचा अर्धा डबा, ट्रिपल सेव्हन या दुसऱ्या दारूची न फोडलेली बाटली, आणि कॉफीच्या जुन्या डब्यात काहीतरी काळं, दाणेदार. त्या डब्यावर चिठ्ठी नाही. 'सत्तर ग्रेन घाल, बास,' एवढंच सांगून ते गेले.

आमच्या घरी ठासणीची बंदूक आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना आधी आजोबांच्या नावे होता, आता बाबांच्या. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला मीही बाबांबरोबर गेलोय. त्यामुळे गज, बार, टोपी हे शब्द मला नवे नाहीत. पण बाबा दारू मोजतात खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने. फोनवर विचारलं तर म्हणाले, 'माप कित्याक होया? हाताक कळता.' माझ्या हाताला काही कळत नाही, म्हणून एक छोटा डिजिटल काटा मागवला. त्यावर पायरोडेक्स बरोबर ७० ग्रेन तोलली आणि पितळी मापात ओतली, तर ती ९०च्या खुणेच्याही वर गेली. दोनदा करून पाहिलं. काटा खोटा की माप खोटं? २६ डिसेंबरला इथला फ्लिंटलॉकच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, त्याआधी रेंजवर जायचं आहे. आणि एक: मेमध्ये गावी जाणार आहे, बाबांसाठी एक डबा नेला तर चालेल का?

— एक वाचक, लँकेस्टर

———

काटा खरा आहे आणि मापही खरं आहे. घोळ घातलाय तो 'ग्रेन' या शब्दाने. बार भरायच्या आधी तुम्ही थांबलात आणि विचारलंत, हे फार बरं केलंत. तोललेली ती दारू 'सत्तरच तर आहे' म्हणून नळीत गेली असती, तर शेजाऱ्यांनी सांगितलेल्या बारापेक्षा चांगला तिसऱ्या हिश्शाने जास्त बार बसला असता. ट्रिपल सेव्हन असती तर त्याहूनही जास्त.

तुमच्या घरी माळ्यावर जुनी पायली किंवा शेर असेलच. त्या पायलीने तांदूळ मोजा आणि त्याच पायलीने कुरमुरे मोजा. पायली दोन्ही वेळा भरलीच, पण काट्यावर ठेवल्यावर दोन्ही सारखं भरेल असं आजीने कधी मानलं नसतं. तुमच्या पितळी मापावरच्या खुणा या पायलीच्या जातीच्या आहेत. '७०' या खुणेचा अर्थ 'इथे ७० ग्रेन वजन येईल' असा नाही. 'जेवढ्या जागेत साधारण ७० ग्रेन वजनाची अस्सल काळी दारू मावते, तेवढी ही जागा' असा आहे. सोरा, गंधक आणि कोळशाची ती जुनी दारू त्या जागेत भरलीत तर वजन ७०च्या आसपास येतं. दुसरं काहीही भरलंत तर जागा तीच राहते आणि वजन बदलतं.

पायरोडेक्स १९७०च्या दशकात बाजारात आली ती याच हिशेबाने. लोकांकडे पिढ्यानपिढ्यांची मापं होती, सगळ्यांच्या तोंडी 'सत्तर', 'ऐंशी' हेच आकडे होते. मग नवी दारू अशी केली की जुन्या मापात तेवढीच जागा भरली की कामही साधारण तेवढंच होईल. मात्र ती हलकी आहे. त्याच जागेत तिचं वजन काळ्या दारूच्या पाऊणपटीच्या आसपास भरतं. म्हणून काट्यावर ७० गाठायला तुम्हाला ती जास्त घालावी लागली आणि माप ९०च्या वर गेलं. तुमचा प्रयोग अगदी बरोबर होता, फक्त उत्तर कशाचं आलं ते कळलं नाही.

ट्रिपल सेव्हनची गोष्ट आणखी वेगळी. तीही वजनाला हलकी, पण अंगात जोर जास्त. मापाला माप घेतलं तरी ती काळ्या दारूपेक्षा साधारण १५ टक्के तेज आहे, आणि तेवढं कमी घ्या असं बनवणारेच सांगतात. म्हणजे काळ्या दारूच्या ७०च्या जागी हिचं माप ६०च्या आसपास. हीच जर काट्यावर ७० तोललीत, तर दोन्ही चुका एकमेकींवर चढतात आणि काळ्या दारूच्या हिशेबात तुम्ही शंभराच्या घरात जाता. ब्लॅकहॉर्न २०९ नावाची आणखी एक दारू आहे. तिचे लोक मात्र बिनधास्त वजन करतात, कारण बनवणारेच मापाचा आकडा गुणिले ०.७ असा वजनाचा हिशेब देतात. शंभराच्या मापाला सत्तर ग्रेन वजन. तेव्हा रेंजवर कोणी म्हणाला, 'मी तर कायम तोलूनच घेतो,' तर त्याला आधी विचारा, कुठली दारू? एका दारूचा नियम दुसरीला लावायचा नाही.

काट्याचा विषय निघालाच आहे तर एक खोड सांगतो. अशा छोट्या काट्यांवर एकच बटण दाबत गेलं की ग्रॅम, औंस, कॅरट, ग्रेन असं फिरत राहतं. ग्रॅमला 'जी', ग्रेनला 'जीएन'. चष्मा नसला की दोन्ही सारखंच. सत्तर ग्रेन म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, एक सपाट चमचा साखर. सोनाराच्या भाषेत अर्ध्या तोळ्याहूनही कमी, कारण ब्रिटिशांनी ठरवून दिलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. आणि सत्तर ग्रॅम म्हणजे १,०८० ग्रेन. एवढी दारू पाहून कोणाच्याही लक्षात येईल म्हणा, पण '७ ग्रॅम' आणि '७० ग्रेन' यांत गफलत झाली तर येणार नाही. ७ ग्रॅम म्हणजे १०८ ग्रेन. काट्याचा माझ्याकडे एकच उपयोग आहे: नवं माप घेतलं की त्यात अस्सल काळी दारू भरून ते किती खरं बोलतं ते पाहायचं. माझं एक माप ७०च्या खुणेवर कधी ६७ देतं, कधी ७१. एकाच हाताने, एकाच डब्यातून. दुसरं माप त्याच खुणेवर कायम चार-पाच ग्रेन जास्त देतं. म्हणून एका बंदुकीला एकच माप, आणि मी त्याला सुतळीने त्या बंदुकीच्या पिशवीला बांधूनच टाकलंय.

ग्रेनचा तिसरा अर्थही आहे, आणि तोही डब्यावरच छापलेला असतो. दाणा केवढा हे सांगायला काळ्या दारूच्या डब्यावर एफची माळ असते. एक एफ म्हणजे जाड, चार एफ म्हणजे पिठासारखी बारीक. जाडा रवा आणि बारीक रवा जसा. बारीक दाणा भराभर जळतो आणि तोच बार जास्त दाब देतो. .५०च्या रायफलीला सहसा दोन एफ वापरतात, लहान कॅलिबरला आणि पिस्तुलांना तीन एफ. .५०मध्ये तीन एफ वापरणारे लोक आहेत, पण ते माप दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवतात. चार एफ फक्त कानाजवळच्या (कान म्हणजे नळीच्या बाजूचं बारीक भोक) पॅनमध्ये, रंजक म्हणून, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू म्हणून. नळीत कधीच नाही.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येतो, जी तुम्ही विचारलीच नाहीत. तुमच्याकडचे दोन्ही डबे या बंदुकीच्या कामाचे नाहीत.

पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त आच लागते. नव्या इनलाइन बंदुकांत २०९चा प्रायमर असतो, तो ज्वाळेची पिचकारीच मारतो. टोपीच्या बंदुकीतही बऱ्यापैकी भागतं. पण चकमकीत काय होतं पाहा. घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या पॅनमध्ये पडतात, रंजक भुर्र करून पेटतं, आणि त्या ज्वाळेचा एक धागा कानाच्या बारीक भोकातून नळीत शिरतो. तेवढ्या धाग्यावर पेटायला अस्सल काळी दारूच लागते. पायरोडेक्स घातलीत तर पॅन पेटेल आणि नळी गप्प बसेल. नाहीतर क्षणभर गप्प बसून मग उडेल, जेव्हा तुम्ही 'काय झालं?' म्हणून नळी कुठेतरी भलतीकडे वळवलेली असेल. तळाला थोडी काळी दारू आणि वर पायरोडेक्स अशी युक्ती कोणी सांगेल. नका करू. दोन दारूंचं मिश्रण कसं वागेल याचा आकडा कुठल्याच पुस्तिकेत नाही.

म्हणजे काळी दारू विकत घ्या. मोठ्या चकचकीत दुकानांत ती मिळत नाही म्हणून नाराज होऊ नका. सरकारी कागदावर ती स्फोटक आहे, पर्यायी दारू त्या वर्गात नाहीत, आणि स्फोटक ठेवायला दुकानदाराला वेगळा परवाना आणि वेगळी कोठी लागते. म्हणून जुन्या वळणाच्या छोट्या दुकानांत, नाहीतर क्लबमधल्या लोकांना विचारून बघा. गोएक्स हे अमेरिकेतलं नेहमीचं नाव. लुइझियानातला त्यांचा कारखाना २०२१मध्ये बंद करायचं जाहीर झालं तेव्हा आमच्याकडे लोक डबे साठवायला लागले होते. पुढच्या वर्षी तो घेतला कोणी, तर शाळकरी मुलांची उडणारी रॉकेटं बनवणाऱ्या एस्टेसवाल्यांनी. स्विस दारू मिळाली तर ती जरा जोरकस असते. गोएक्सवर बसवलेलं माप स्विसला तसंच लावू नका, खाली उतरून सुरुवात करा.

पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन कोणा इनलाइनवाल्याला देऊन टाका, मूळ डब्यातच आणि लेबलासकट.

कॉफीच्या डब्यातलं मात्र कोणाला देऊ नका. स्वतः वापरू नका, नाकाशी नेऊन 'काळी दारूच वाटते' असं ठरवूही नका. काळी, दाणेदार दिसणारी बिनधुराची दारूही (आजच्या काडतुसांतली) असते, आणि ती काळ्या दारूच्या मापाने ठासणीच्या बंदुकीत गेली तर नळी फाटते. फाटते म्हणजे खरोखर केळीच्या सालीसारखी, आणि तुमचा डावा हात तिथेच असतो. त्या डब्यात शेजाऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी काय ओतलं होतं ते आता त्यांना तरी आठवत असेल का? फोन करून त्यांनी शपथेवर 'दोन एफ' म्हटलं तरी वापरू नका. कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका. आपल्या गावच्या अग्निशमन दलाला फोन करा आणि काय आहे ते स्पष्ट सांगा. ते सांगतील तसं करा. तोवर डबा घराबाहेर कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर.

आता माप घ्यायचं कसं, ते एकदा हातात धरून दाखवल्यासारखं सांगतो. यात घाई करणारे मी फार पाहिलेत.

माप ५०वर लावा, ७०वर नाही. बंदुकीच्या कॅलिबरइतक्या ग्रेनपासून सुरुवात करायची असा जुना ठोकताळा आहे, आणि .५०ला दोन एफ काळ्या दारूचं पन्नासचं माप हे कागदाला भोक पाडायला भरपूर होतं. ७० हा शेजाऱ्यांचा आकडा गोल गोळी आणि चिंधीसाठी काही अचाट नाही. तरी त्या बंदुकीच्या कंपनीची पुस्तिका मिळवा आणि तिने दिलेली कमाल मर्यादा ही लक्ष्मणरेषा समजा. नळीवर कंपनीचं नावच नसेल तर आधी गनस्मिथकडून तपासून घ्या, मग बाकीच्या गप्पा.

माप उभं धरायचं, तिरकं नाही. फ्लास्कमधून दारू वर शीग येईपर्यंत ओतायची. मग मापाच्या अंगाला बोटाने टिचक्या. मी तीन मारतो. तुम्ही पाच मारा, पण दर वेळी पाचच. टिचकीसरशी दारू बसते आणि वर जागा होते. म्हणून कधी टिचक्या मारल्या, कधी नाही, की त्याच खुणेत बार बदलतो आणि लक्ष्यावर गोळ्या वर-खाली पडतात. मग शीग सपाट करायची. तुमच्या मापाला फिरणारं नाळकं असेल तर ते फिरवताना कडेने वरचे दाणे आपोआप कापले जातात. खाली पडलेले दाणे तिथल्या तिथे पुसून घ्या. हातात पितळ, तांबं, लाकूड. लोखंडी नको. तोंडात सिगारेट नाही, शेजाऱ्याच्याही नाही.

मग फ्लास्कचं तोंड बंद. बंद करून मागच्या टेबलावर. त्यानंतरच मापातली दारू नळीत.

हा क्रम मी मुद्दाम सुटा लिहिला. फ्लास्कला चोच असते, तिच्यावरच बाराचा आकडा कोरलेला असतो, आणि थेट नळीत ओतायचा मोह होतोच. सिनेमातही तसंच दाखवतात. पण आधीच्या बाराचा निखारा नळीच्या तळाशी धुगधुगत असेल आणि त्यावर दारू पडली, तर मापातली ५० ग्रेन पेटली म्हणजे भुवया जातील, बोटं भाजतील. फ्लास्कमधली अर्धा पौंड पेटली तर तांब्याचा तो फ्लास्क तुमच्या हातात बॉम्ब झालेला असेल. दोन बारांच्या मध्ये थोडं थांबा आणि ओलसर चिंधी एकदा खाली-वर फिरवा. निखारा विझतो आणि काळी काजळीही निघते. ती न काढता तीन-चार बार मारलेत की गोळी अर्ध्यावर अडकायला लागते. ओतताना तोंड नळीवर नको, छातीही नको, बंदूक थोडी पुढे कललेली.

मी स्वतः रेंजवर फ्लास्क आणतच नाही. घरी जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्र पसरून, चुलीपासून लांब, दहा बार मापून दहा प्लास्टिकच्या झाकणाच्या नळ्यांत भरतो. प्रत्येकीवर चिकटपट्टी: दारू कोणती, किती एफ, माप किती. रेंजवर फक्त नळी उघडायची आणि ओतायची. दहा नेल्या, सहा उडवल्या, तर खिशात चार उरल्या पाहिजेत. पाच उरल्या तर कुठेतरी काहीतरी राहून गेलंय.

हे राहून जाणं माझ्याही नशिबी आलंय, म्हणून लाज सोडून सांगतो. पहिल्याच हिवाळ्यात, शेजारच्या बाकावरच्या माणसाशी गप्पा मारता मारता मी चिंधीत गोळी बसवली, गजाने खाली दाबली, रंजक घातलं, चाप ओढला. भुर्र. पुन्हा. भुर्र. दारूच घातली नव्हती! गजाला स्क्रू लावून ती गोळी बाहेर काढायला अर्धा तास लागला आणि सगळी रेंज हसत होती. हे झालं तर कोणाला तरी हाक मारा. आपल्या हुशारीने काही ओतू-ठोकू नका.

त्याच दिवशी संध्याकाळी मी गजावर दोन खुणा केल्या, त्या तुम्हीही आधी करा. नळी रिकामी आहे याची खात्री करून गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी तो जिथे येतो तिथे एक रेघ. मग ठरलेला बार नीट ठासला की जिथे येतो तिथे दुसरी. दुसरी रेघ तोंडाबाहेर उंच राहिली तर गोळी दारूवर टेकलेली नाही. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली की नळी फुगते किंवा फुटते, आणि त्याला माप कितीही अचूक असलं तरी इलाज नाही. नाहीतर मग आत आधीचाच बार बसलाय आणि तुम्ही दुसरा चढवलात. दुसरी रेघ नळीत बुडून गज पहिल्या रेघेच्या जवळपास गेला तर दारूच नाही.

तुम्ही लँकेस्टरला राहता, म्हणजे गेटिसबर्ग तुमच्यापासून तास-सव्वा तासावर. १८६३च्या त्या लढाईनंतर मैदानावरून गोळा केलेल्या बंदुकांची जी नोंद सांगतात ती तिथे गेल्यावर विचारा. भरलेल्या अशा सुमारे चोवीस हजार सापडल्या, त्यातल्या निम्म्यांत दोन-दोन बार एकावर एक, हजारोंमध्ये तीन ते दहा, आणि एकीत तेवीस. त्या गदारोळात बिचाऱ्यांना आपला बार उडाला की नाही हेच कळलं नव्हतं. तुमच्या रेंजवर तोफा चालणार नाहीत, पण गप्पा तर चालतीलच.

बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून एक मिनिटभर थांबायचं. मनातल्या मनात साठ मोजा, पटापट नाही. मग कानात तार घालून साफ करा, नवं रंजक घाला, पुन्हा प्रयत्न. पॅन काठोकाठ भरायची नाही, तिसरा हिस्सा ते अर्धी पुरे. ढीग घातला की ज्वाळेऐवजी फुसफुसती वात होते. आणि रंजक घालायचं ते सगळ्यात शेवटी, बंदूक लक्ष्याकडे वळवल्यावर. डोळ्यांवर चष्मा हवाच. फ्लिंटलॉकला उजवीकडच्या शेजाऱ्याच्या डोळ्यांचीही काळजी असते, कारण कानातून आग बाजूला निघते.

घरी आल्यावर त्याच रात्री गरम पाण्याने नळी धुवा. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि सकाळपर्यंत आत तांबूस गंज दिसतो. मोरीत सडक्या अंड्याचा वास सुटेल, तो गंधकाचा. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

हंगामाआधी शिकाऊ शिकाऱ्यांचा सक्तीचा कोर्स झाला नसेल तर तो आधी करा. आणि तुम्ही अजून व्हिसावर असाल तर बंदूक बाळगण्याचा प्रश्न वकिलाला विचारा, मला नाही. ठासणीच्या जुन्या बंदुकांना इथले केंद्राचे नियम सैल आहेत, पण राज्याचे आणि व्हिसाचे नियम एकत्र आले की गुंता होतो.

आता बाबांचा डबा. अजिबात नाही. काळी दारू असो की पायरोडेक्स, विमानात ना हातातल्या बॅगेत चालते ना पोटातल्या. उरलेली चिमूटही नाही, आणि रिकामं माप न्यायचं तर ते साबणाने धुऊन न्या. तिकडे बाबांना दारू मिळते ती परवान्यावर, नोंद करून. त्यात अमेरिकेचा डबा घुसला की त्यांच्या परवान्यावर गदा यायची, डुकरं राहतील बाजूलाच.

पण त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी न्या. मेमध्ये गेलात की औषधाच्या दुकानातून एक पाच मिलीची सिरिंज घ्या, सुई नको. ते खोकल्याच्या औषधाचं टोपण समोर ठेवा आणि सिरिंजने त्यात पाणी सोडा, बाबा दारू जिथपर्यंत भरतात तिथपर्यंत. किती मिली बसलं ते पाहा. सैल भरलेली काळी दारू वजनाला पाण्याच्या आसपासच भरते, म्हणून मिलीला साडेपंधराने गुणलंत की ते टोपण साधारण किती ग्रेनचं आहे ते कळेल. साडेचार मिली भरलं तर सत्तर. बाबांच्या बंदुकीला छर्रे लागतात, नळी आतून गुळगुळीत आहे, तिचा हिशेब तुमच्या रायफलीचा नाही. तेव्हा आकडा मिळाला म्हणून लगेच त्यांना शिकवायला जाऊ नका. टोपण कोरडं पुसा, उन्हात ठेवून पुरतं वाळवा, जागेवर ठेवा. आणि आकडा मला कळवा. चाळीस वर्षं हाताला काय कळत आलंय ते मलाही बघायचंय.